तेराव्याला दिलेली काठी

जांबे,
१४ जुलै २०२४

बहिरूभावजी यांस,
रंभावहिनीचा आशीर्वाद. तुमच्या घरी सगळी खुशाल असतील. इथं भात लावून झालं. वरच्या खोलीचं गळणं पुन्हा सुरू झालं आहे.

पेढे पोचले. तुमचा अमोघ विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक झाला. आपल्या घरात एवढं कुणी शिकलं नव्हतं. हे असते तर गावभर सांगत फिरले असते.

त्याच जागेसाठी माझा भाडेकरू धम्मपालही उभा होता, हे तुम्हाला माहीत आहे. मुलाखतीत आधी वर्गात शिकवावं तसं बोलून दाखवावं लागतं. म्हणून रोज संध्याकाळी तो अंगणात बोलायचा सराव करायचा आणि मी पायरीवर तांदूळ निवडत ऐकायची. हे गेल्यावर मी वाचायला लागले ते त्याच्याच पुस्तकांवर. तो म्हणायचा, "काकू, तुम्ही जांभई दिली की समजतो, इथं समितीही झोपणार."

तुम्ही येऊन मला सांगून गेलात, "वैनी, त्याला म्हणावं मुलाखतीला जाऊ नगं. आपल्याच घरात ऱ्हातोय अन् आपल्याच पोराच्या आडवा येतोय. ह्या लोकांला लई चढलंय." मी त्याला ते सांगितलं नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला चौघं आले. तोंडाला पंचे बांधलेले. धम्मपाल बोलत उभा होता. पहिला फटका पाठीत बसला. तो खाली पडला तसा एकानं छातीवर गुडघा दिला आणि दुसऱ्यानं केस धरून डोकं फरशीवर आपटलं. "त्वांड फोड," तो म्हणाला, "बघू उद्या कसा बोलतोय." मग काठी जबड्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी ओरडले, "कोन हाय रं?"

माझ्या आवाजानं काठी वरच थांबली. मग पुन्हा खाली आली.

ते गेल्यावर मी फरशी धुतली. त्याचे दोन दात तुळशीच्या कुंडीपाशी सापडले. ते अजून माझ्याकडे आहेत. जबड्याला तार घातली आहे. नळीनं पेज घेतो. मुलाखत त्याच्याविनाच झाली.

भावजी, काठी वर गेली तेव्हा तिची घुंगरं वाजली. ह्यांच्या काठीची. हे शिवारातून यायचे तेव्हा तो आवाज ऐकून मी चुलीवर तवा ठेवायची. तेराव्याला धाकट्या भावाला काठी देतात, म्हणून मीच ती तुमच्या हातात दिली होती. चार पाहुण्यांदेखत तुम्ही ती कपाळाला लावली होती.

हवालदारानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, तोंडं बांधलेली होती. ह्यांच्या भावाचं नाव माझ्या तोंडून निघेना. मग तुमचे पेढे आले.

आज सकाळी चौकीत जाऊन तुमचं नाव सांगितलं. जबाबावर अंगठा नाही, सही केली. अमोघला ठाऊक होतं की नाही, ते मला माहीत नाही. त्यालाही विचारतील.

तेराव्याला दिलेली वस्तू परत मागत नाहीत. मी मागते आहे. घुंगरं काढू नका, काठी जाळू नका. तिच्यासकट चौकीत जा. पेढ्यांचा डबा या पत्राबरोबर परत पाठवला आहे. उघडलेला नाही.

तुमच्या भावाच्या माघारी,
रंभाबाई