जुन्या फोल्डरमधले सोनाजी

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई. माळा झाला, कपाटं झाली, आज कॉम्प्युटर. ‘जागा संपत आली’ म्हणून वर्षभर रडत होता. आत दोन फोल्डर — ‘औरंगाबाद फोटो’ आणि ‘छ. संभाजीनगर फोटो’. एकाच गावाचे दोन संसार कशाला? शहराचं नाव बदललं तेव्हा विश्वजितने दारावरच्या पाटीपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळं बदलून घेतलं होतं. फोल्डरलाही नवं नाव देऊन जुना तसाच विसरला असणार. उडवला. कचरापेटीही रिकामी केली. घरात आज माझ्याइतकं स्वच्छ कुणी नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

बानाबाई भांडी घासता घासता म्हणाली, “ताई, सोळा तारखेला ह्यांचं वर्साचं हाय. तुम्ही काढलेला त्यो फोटू द्या ना छापून. मेंढरांसंगचा.”

ह्यांचं म्हणजे सोनाजींचं. गेल्या नोव्हेंबरात गेले. चिकलठाण्याला विमानतळाच्या भिंतीकडेने मेंढरं चारायचे. सहा वर्षांपूर्वी जालना रोडवर त्यांच्या कळपाने माझी रिक्षा अडवली. मी उतरले, ते ओळखीचं हसले, मी फोटो काढला. हसू, फेटा, काठी, मागे चाळीस मेंढ्या. छान आला होता.

“दुसरा एखादा नाही का?”

“कोण काढणार? मेंढरं?”

म्हटलं, देते की! मोठा करून देते. फ्रेमही माझ्याकडून. फुकटात जमत असलं की मी फार उदार असते.

२९ ऑक्टोबर, बुधवार

नाही. कुठेच नाही. नव्या फोल्डरमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या आधीचं काहीही नाही.

विश्वजित म्हणाला, “मी जुने त्यात टाकले असं कोण म्हणालं? नाव बदललं तिथून पुढचे नव्या फोल्डरात. आधीचे जुन्यात. इतकं साधं.”

“गावाचं नाव बदललं म्हणजे आपण दुसऱ्या गावी राहायला गेलो का?”

“तू विचारायचं होतंस.”

“तू सांगायचं होतंस.”

आमचा सव्वीस वर्षांचा संसार या दोन वाक्यांवर उभा आहे.

मृण्मयीचे बालवाडीपासून बारावीपर्यंतचे सगळे फोटो गेले. रडले थोडी. पण मृण्मयीची मूळ प्रत पुण्यात आहे, खाते-पिते, उलट उत्तरं देते. सोनाजींची मूळ प्रत कुठून आणू?

३० ऑक्टोबर, गुरुवार

मृण्मयीला फोन.

“आई, क्लाउडवर असतील ना?”

“कुठल्या?”

“फोनचा बॅकअप चालू होता का तेव्हा?”

चालू होता की नाही हे मला माहीत नाही. चालू असताना तो काय करतो हेही माहीत नाही. तेव्हाचा फोन एक्स्चेंजमध्ये गेला, त्या बदल्यात आलेलाही गेला. शेवटी म्हणाली, “आई, तू कशालाही हात लावू नकोस.” म्हणून मी नेटवरून फोटो परत आणायचा एक प्रोग्राम उतरवून घेतला. मग दुसरा, कारण पहिल्याने नुसतं ‘४,२१२ फाइली सापडल्या’ म्हणून दाखवलं आणि एकही उघडेना. मग तिसरा. तिसऱ्याने माझाच एक जुना लेख आणून दिला, ‘साधी राहणी’वरचा. तो वाचवणारं कुणी असेल असं वाटलं नव्हतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

“झाला का फोटू?” — “छापायला टाकलाय.” खोटं बोलताना मी अडखळत नाही. सवय आहे. कॉलम लिहिते.

३ नोव्हेंबर, सोमवार

पैठण गेटजवळ रामेश्वरचं दुकान. पुसलेलं परत काढून देतो अशी ख्याती. पन्नाशीचा, गळ्यात दोरीला चष्मा. कॉम्प्युटर रिक्षातून मांडीवर घेऊन गेले.

“मॅडम, फोटो डिलीट झाल्यावर हा चालू ठेवला होता?”

“रोज.”

“काही डाउनलोड केलं?”

“तीन प्रोग्राम. फोटो परत आणायचेच.”

त्याने चष्मा काढून पुसला. “म्हणजे घर में चोरी हुई, और आपने उसी कमरे में तीन मेहमान सुला दिए.”

मग मराठीत समजावलं. डिलीट केलं की कॉम्प्युटर फक्त दारावरची पाटी काढतो. आतला माल तिथंच असतो. त्यावर दुसरं काही येऊन बसलं की मग खरा जातो. म्हणजे फोटो आहे आणि नाही. म्हणजे मी जितका शोधत होते तितका पुसत होते? मान डोलावली. काही कळलं नाही, किंवा नको तेवढं कळलं.

“पुढच्या वेळी तीन जागी ठेवा. दोन घरात, वेगवेगळ्या ठिकाणी. तिसरी कॉपी घराबाहेर, दुसऱ्या कुणाकडे.”

“माझे फोटो दुसरं कोण सांभाळत बसणार?”

“ज्याला गरज असेल तो.”

५ नोव्हेंबर, बुधवार

आधार कार्डावरचा फोटो मोठा करू या का, असं बानाबाईला सहज विचारून पाहिलं.

“त्यात चोरावानी दिसत्यात.”

“आधारवर सगळेच तसे दिसतात, बानाबाई.”

“दिसू द्या. भिताडावर कोण लावतं?”

मग तिनेच विचारलं, “तुमच्या कंप्युटरात हाय ना पर त्यो? नुसता फोटू?” म्हटलं, आहे. नुसता फोटो म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं का?

९ नोव्हेंबर, रविवार

रामेश्वरचा फोन. अकराशे फोटो सापडले. नावं गेली, तारखा गेल्या, नुसते आकडे. दुकानात स्टुलावर बसून दोन तास चाळले. मृण्मयी आहे, पुष्कळ आहे. मध्येच कुणाच्या तरी लग्नातलं श्रीखंड. आणि मग सोनाजी.

अर्धेच.

वर आभाळ, विमानतळाची भिंत, फेटा, कपाळ, दोन डोळे. नाकापासून खाली सगळं राखाडी. सपाट, सिमेंटसारखं. हसू गेलं, काठी गेली, मेंढ्या गेल्या.

“बाकी कुठे आहे?”

“बाकीच्यावर तुमचे मेहमान झोपले,” रामेश्वर म्हणाला. मग पडद्यावर बोट ठेवून, “डोळे आले, मॅडम. शुक्र मानो.”

याला हार कसा घालायचा? तोंड नसलेल्या माणसाला?

१० नोव्हेंबर, सोमवार

पहाटे आठवलं आणि उठूनच बसले. तो फोटो छापला होता! माझ्याच कॉलमबरोबर. पेपरच्या ऑफिसात जुन्या अंकांच्या फायली असतात. अकराला तिथं. धूळ, शिंका, आणि सापडला. सबंध. हसू, काठी, चाळीसच्या चाळीस मेंढ्या.

आनंदाने खालचा मजकूर वाचायला लागले. शहराच्या वाहतुकीवर होता. मथळा — ‘वाहतूक शाखेचे नवे साहेब’. शेवटचं वाक्य — ‘यातली मेंढरं कोणती आणि हाकणारा कोणता, हे बिनचूक ओळखणाऱ्यास माझ्याकडून एक पेढा.’

हे मी लिहिलं होतं. संपादकांचा तेव्हा फोन आला होता, हसू थांबत नव्हतं त्यांचं. मीही हसले होते. माझ्या लक्षात फक्त फोटो राहिला होता, आणि त्या दिवशीचं आमचं हसणं.

चिडले होते ते वाहतुकीवर, सोनाजींवर नाही. त्यांचं नावही दिलं नव्हतं. आणि बानाबाईला वाचता येत नाही, सोनाजींनाही येत नव्हतं. मग मी कुणाला समजावतेय?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परवा स्टुडिओत गेले होते. मजकूर कापून टाकला, नुसता फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाला म्हणाला, “सूट घालू? निळा बॅकग्राउंड? मेंढ्या काढून टाकतो.” म्हटलं, खबरदार. छपाईचे ठिपके मोठे दिसतात, पण माणूस सबंध आहे. रामेश्वरच्या अर्ध्याचीही एक प्रत काढली, उगाच. कापड गुंडाळून खाली ठेवली होती.

आज बानाबाईला दिला. वाटलं होतं डोळ्यांना पदर लावेल. तिने हात पुसले, फोटो उजेडात धरला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

“पेपरातला हाय ना ह्यो?”

“हो. पण कापून, मोठा करून आणलाय. चांगला आहे ना?”

“ह्यो नको.”

“अहो, सबंध आहे! हसताहेत बघा.”

“नको, ताई. तुमच्या कंप्युटरातला कुठं हाय?”

मग खरं सांगावं लागलं. फोल्डर, कचरापेटी, तीन पाहुणे. अर्धा फोटो काढून दाखवला. म्हटलं, हा लावण्यासारखा नाही. माझ्या चुकीने गेला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. राखाडी भागाकडे बघितलंही नाही.

“कंप्युटरातलाच ना? पेपराचा नाय?”

“नाही.”

“मग ह्योच द्या.”

पिशवीत घालून घेऊन गेली. चेहरा असलेला माझ्याकडे राहिला. संध्याकाळभर विचार करतेय. तोंडाविना नवरा चालेल, पण ठिपके चालत नाहीत? विश्वजित म्हणतो, तिला क्लिअर फोटो हवा असेल. अर्ध्या राखाडीत क्लिअर काय आहे? मला या बाईचं काही कळत नाही. उगाच रागही आला थोडा.

१६ नोव्हेंबर, रविवार

चिकलठाण्याला जाऊन आले. भिंतीवर सोनाजींचे डोळे, राखाडीवर झेंडूचा हार. येणारा प्रत्येक जण त्या डोळ्यांच्या पाया पडत होता. कुणी काही विचारलं नाही.

मी विचारलं. निघताना, बाजूला घेऊन — पेपरातला का नको होता?

बानाबाईने ट्रंक उघडली. तळातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी. माझा कॉलम. मथळ्यासकट, शेवटच्या वाक्यासकट. तिसरी प्रत, घराबाहेर.

“सहा वर्सापासनं हाय की आमच्याकडं. हॉटेलात च्या पिताना वाचून दावला ह्यास्नी लोकांनी. लई हसले म्हणं. एकानं पेढा बी आणून दिला.”

“मग?”

“खाल्ला. घरी येऊन काय बोलले नाय.”

मी हात पुढे केला. तिने घडी परत पिशवीत घातली, पिशवी ट्रंकेत.

“म्हून तुमच्याकडं मागितला, ताई. म्हणलं, तुमच्याकडं बिनलिवलेला असंल.”