अब्बांचं ‘पण’ आणि विश्वाची सुरुवात

४ फेब्रुवारी, मंगळवार

कुणीतरी माझ्या मजकुराला हात लावलाय!

नव्या खेळाचा मजकूर आज संचालकांच्या टेबलावरून परत आला. या तारांगणात इतकी वर्षं खेळ लिहितेय, माझा स्वल्पविरामसुद्धा मला ओळखू येतो. विश्वाच्या सुरुवातीचा भाग जागच्या जागी आहे — सगळं किती दाट होतं, किती तापलेलं होतं, पहिला उजेड जवळजवळ चार लाख वर्षं अडकून कसा पडला आणि मग कसा सुटला. त्यानंतरचा तुकडा, ‘जुने मुस्लिम विद्वान काय म्हणाले’. त्यात त्यांचा तो शतकानुशतकं चाललेला वाद. एक बाजू म्हणायची, कर्ता अनादि, मग जगही अनादि. दुसरी म्हणायची, छे! त्यानं ‘हो’ अशी आज्ञा केली आणि जग झालं, काळसुद्धा तेव्हाच झाला. मी तिथेच थांबले होते. निवाडा करणारी मी कोण?

तर आता तिथे शेवटी एक नवं वाक्य येऊन बसलंय — “आज दुर्बिणीला जे दिसलं, ते आयतीत आधीच सांगून ठेवलं होतं.”

हे माझं नाही! लोकांसमोर कुराणातल्या आयतीचा असा दाखला दिला की टाळ्या पडतात, एवढाच त्याचा उपयोग. आणि खाली नाव माझं.

संचालकांना विचारलं. पाठीमागे त्यांना आम्ही सगळे गुळमट म्हणतो, उगाच नाही. “अहो मॅडम, टाइप करताना आलं असेल काहीतरी. बघू.” टाइप करताना अख्खं वाक्य येतं? कानामात्रेसकट?

५ फेब्रुवारी, बुधवार

“बघू” म्हणजे बघणार नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अब्बांचं काहीतरी चाललंय.

या आठवड्यात दोनदा सकाळी कोट घालून, अत्तर लावून बाहेर पडले. कुठे, तर “फिरायला.” फिरायला जाणारा माणूस बुटांना पॉलिश करतो? अम्मी गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात, त्यांचं फिरणं मी बघितलंय — चपला, स्वेटर, कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन परत.

आज चहाच्या वेळी आपण होऊन विचारलं, “तुझ्या खेळात त्या सुरुवातीच्या आधी काय दाखवणार?”

म्हटलं, “आधी काही नाही अब्बा. काळच तिथून सुरू होतो, मग ‘आधी’ कुठून आणू?”

हसले. म्हणाले, “आमचे जुने लोकही हेच म्हणून गेले. ‘आधी’सुद्धा निर्माणच केलेलं आहे.” आणि बशीत बिस्किट बुडवत बसले. ते हसणं मला आवडलं नाही. वादात जिंकल्यावर हसतात तसं होतं. पण वाद तर झालाच नव्हता!

अब्बांशी वाद घालणं म्हणजे आपणहून विहिरीत उडी. उभा जन्म अरबी शिकवण्यात गेला, आणि त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेली एक रीत हाडीमासी खिळलेली. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं मांडायचं, तेही असं की त्यानं मान डोलावली पाहिजे. मग श्वास घ्यायचा. मग “पण”. शाळेत असताना मी नवे बूट मागितले होते. “तुझं म्हणणं असं, की जुने बूट बोटांना चावतात, वर्गात सगळ्यांकडे नवे आहेत, आणि तुझा बाप चिक्कू आहे. बरोबर?” मी खुशीत मान डोलावली. “पण…” झालं! त्या ‘पण’नंतर मी किंवा थोरली आपा आजतागायत एकदाही जिंकलेलो नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आपाचा फोन. तिला सांगितलं. “अब्बा गप्प, वर खूश? आणि अत्तर? अगं, कुठेतरी पाणी मुरतंय.” थोरल्या बहिणी याच कामासाठी असतात. संशयाला खतपाणी.

दुपारी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. आमचा कानसेन पुन्हा त्याच हट्टाला पेटलेला — विश्व सुरू होताना मोठ्ठा “धडाम” हवाच. शंभरदा सांगितलं, तो काही बंद खोलीतला फटाका नव्हता, आवाज जायला बाहेर जागाच नव्हती, जागाच तर पसरत होती. म्हणतो, “मॅडम, तुम्हाला जागा नको, आवाज नको, आधी नको. प्रेक्षकानं ऐकायचं काय?”

मग सहज म्हणाला, “पण तुमच्या वडिलांचा आवाज लागलाय हो! घुमट भरून जातो.”

माझ्या हातातला हेडफोन खाली पडला. कधी आले होते? “गेल्या आठवड्यात. दोनदा. सरांनी स्वतःच रेकॉर्ड केलं. मला चहाला पाठवून दिलं.”

फिरायला! माझ्याच तारांगणात, माझ्या पाठीमागे!

१२ फेब्रुवारी, बुधवार

गुळमटाच्या खोलीत गेले. त्यानं चहा मागवला, खुर्ची पुढे केली. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

“अरेरे, कळलंच का? तुम्हाला धक्का द्यायचा होता मॅडम! जुन्या विद्वानांचा तुकडा वडिलांच्या आवाजात. केवढी शोभा!”

“आणि ते वाक्य?”

आवाज खाली आणला. “आता लपवत नाही. ती तुमच्या वडिलांची इच्छा. म्हणाले, एवढं वाक्य हवंच. वडीलधारं माणूस, मी नाही कसं म्हणणार?”

चहा अजून वाफाळत होता आणि मला सगळं लख्ख कळलं. भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, मुलगी हातची जाईल. अब्बा काही बोलले नाहीत. इतक्या वर्षांत माझ्या एकाही खेळाला आले नाहीत, विचारलं तर “मान दुखते गं वर बघून.” न बोलण्याचा अर्थ मला कळत नाही असं त्यांना वाटतं? आता म्हातारपणी घुमटावर चढून मला उत्तर देतायत. माझ्या शब्दांवर स्वतःचा शिक्का मारून!

संशय घेणं हा माझा धंदाच आहे. पुरावा बघितल्याशिवाय मी ताऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पुरावा मिळाला.

आज घुमटाखाली चाचणी होती. गुळमटानं बोलावलेले पाहुणे पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. दिवे मावळले, तारे लागले. माझा उजेड सुटला — सुंदर दिसला, कानसेननं ‘धडाम’ घातला नव्हता, देव त्याचं भलं करो. मग अब्बांचा आवाज. काय सांगू! लहानपणी ताप आला की कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचे, तोच आवाज, आता सगळ्या आकाशातून. क्षणभर वाटलं, असू दे, काहीही म्हणू देत.

आणि मग — “आज दुर्बिणीला जे दिसलं, ते आयतीत आधीच सांगून ठेवलं होतं.”

त्यांच्याच तोंडून. स्वच्छ. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी गुळमटाची.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी भांडले. लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

अब्बा पेपर वाचत होते. म्हटलं, “तुमची प्रवचनाची हौस माझ्या घुमटात भागवू नका. मी तुमच्या वर्गात येऊन कधी दुर्बीण लावली नाही.”

पेपर खाली ठेवला. मग नेहमीसारखे सावरून बसले. “तुझं म्हणणं असं, बेटा, की मी तुझ्या कामात—”

“पुरे! मला तुमचं ‘पण’ ऐकायचं नाही!”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मध्येच तोडलं. त्यांचं तोंड तसंच थोडं उघडं राहिलं. मग म्हणाले, “बरं.”

एवढंच. बरं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कोट कपाटात गेला. अब्बा कोपऱ्यावरच्या बाकापर्यंतही गेले नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गुळमटाला सांगितलं — शुक्रवारी पहिला खेळ. त्याच्या आत ते वाक्य तरी जाईल, नाहीतर माझं नाव. त्यानं मान तिरकी केली. “वडिलांचं मन मोडणार? या वयात?” नाव काढलं तर हा खेळ कुणाचा? माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे हे. आणि नाव ठेवलं तर लोक म्हणणार, हिनं विज्ञान शिकून शेवटी हेच केलं.

घरी कुणी कुणाशी बोलत नाही. अब्बा माझा चहा करून झाकून ठेवतात. मी पिते. हेही बोलणं धरायचं का?

१९ फेब्रुवारी, बुधवार

थांब. नीट लिहिते.

आज सकाळी ते वाक्य हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. रागानंच. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ऐकताना वाक्याच्या शेवटी काहीतरी खटकलं. “…सांगून ठेवलं होतं” — आणि त्यानंतर अगदी बारीक, श्वास आत घेतल्याचा आवाज. आत! बोलून संपलेला माणूस श्वास कशाला घेईल?

अब्बा कधी श्वास घेतात ते मला पाळण्यापासून माहीत आहे.

कानसेनला ओढत आणलं. म्हटलं, याच्या पुढचं कुठे आहे? त्यानं मशीनमध्ये खालीवर शोधलं. “सरांनी उडवलंय. पण सरांना उडवता तरी कुठं येतं! हे बघा, कचऱ्यात पडलंय.” लावलं.

अब्बांचा आवाज. “लिहिणाऱ्याचं म्हणणं असं आहे. आज दुर्बिणीला जे दिसलं, ते आयतीत आधीच सांगून ठेवलं होतं.” श्वास. “पण साहेब, हे मी वाचणार नाही. आज दोन्ही जुळतंय म्हणून टाळ्या वाजवाल. उद्या याहून मोठी दुर्बीण येईल, हिशेब बदलेल. मग काय, आयत खोडणार? त्या दुर्बिणीवाल्या मुलांना त्यांचं आकाश शोधू द्या. आमच्या दाखल्याची त्यांना गरज नाही, आणि आयतीला त्यांच्या दाखल्याची नाही.”

कानसेननं यंत्र थांबवलं. दारात गुळमट उभा होता.

“अरे वा, काय ऐकताय?”

म्हटलं, “शुक्रवारी हे सगळंच लावू या का सर? घुमटात?”

त्याचा चेहरा उतरला. पाहुणे खूश व्हावेत, दोन्हीकडची माणसं यावीत, हेतू वाईट नव्हता वगैरे. मी उभीच राहिले. शेवटी म्हणाला, काढतो वाक्य.

मी जिंकले. मग घरी जायला पाय का उचलत नव्हते? त्यानं अब्बांचं ‘पण’ मशीनवर कापलं. रविवारी मी ते तोंडावर कापलं. घरी गेले तर अब्बा झोपले होते, चहा झाकलेला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कानसेन म्हणाला, “मॅडम, काल थांबवलं त्याच्या पुढेही थोडं आहे.” रिकाम्या घुमटात एकटीनं बसून ऐकलं.

गुळमट — “अहो, पण हे तुमच्या मुलीनंच लिहिलंय! तिची फार इच्छा आहे.”

खुर्ची करकरते. अब्बा हसतात. “तुमचं म्हणणं असं, की बापाला बरं वाटावं म्हणून माझ्या मुलीनं हे लिहिलं. बरोबर?” श्वास. “पण ती असं लिहिणार नाही. तिला विचारायचीही गरज नाही मला.”

आणि गुळमटानं अब्बांचं नाव सांगितलं, तेव्हा मी लगेच खरं मानलं. माझा चहा तर वाफाळतच होता.