आईची दाढ

१४ मार्च, दुपार

प्रिय चिमे,

आशीर्वाद. आईच्या गालाची सूज कधीच उतरली, आता नीट जेवते. दवाखान्याच्या खिडक्या रंगवून झाल्या. पेशंट बरे आहेत. म्हणजे तुझ्याकडे गेले नाहीत तेवढे.

बघ, असं होतं. बोलायचं असतं एक आणि टोमणाच बाहेर पडतो.

आई वीस वर्षं माझ्या खुर्चीत बसली. ड्रिल सुरू झालं की माझं कोपर घट्ट धरायची. गेल्या वर्षी तुझ्याकडून दाढ भरून आली आणि शेजारणीला सांगायला लागली, "धाकटीने नुसत्या उजेडाने कीड काढली. सुई नाही, घरघर नाही. माझा तर डोळा लागला!" मी आत कपाट आवरत होते. माझ्याकडे तिचा कधी डोळा लागला नाही, चिमे.

मागच्या महिन्यात तू बाहेरगावी असताना तीच दाढ उभी चिरली. मी काढली. आईने विचारलं, "अशी कशी गं तुटली?"

मी क्षणभरही थांबले नाही. "लेझरने भाजली असणार. वरून चकचकीत, आत कोळसा."

तिने तुला फोनवर तेच सांगितलं. तू वाद घातला नाहीस. तेव्हापासून लेझरच्या मशीनवर कापड टाकलंयस, असं तुझ्या असिस्टंटकडून कळलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण मला पुरावा हवा होता. दाढ डेंटल कॉलेजात नेली, कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तासभर कोळसा शोधला. तू लेझर मारलेलं वरचं इनॅमल दुधी काचेसारखं खरखरीत झालं होतं, आणि त्या खरखरीला तुझं फिलिंग गच्च धरून बसलं होतं. त्याखालच्या डेंटिनच्या थरातल्या बारीक नळ्या स्वच्छ होत्या. काळा ठिपका नाही, तडा नाही.

तडा दुसऱ्या बाजूने आला होता. त्याच दाढेत बारा वर्षांपूर्वी मी भरलेल्या चांदीच्या कोपऱ्यातून निघून थेट मुळापर्यंत. खड्डाच मी नको तेवढा मोठा कोरला होता.

लॅबमधले सर वाकून म्हणाले, "लेझरचं काम कुणाचं? सुबक आहे." मी म्हटलं, "माहीत नाही."

याला एकवीस दिवस झाले. आज आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ जिभेने रिकामी जागा चाचपत राहिली. मग म्हणाली, "मला काय सांगतेस? तिला सांग." फोन केला असता तर मी पुन्हा मोठेपणाने तुलाच चार गोष्टी शिकवल्या असत्या, म्हणून हे पत्र. सोबत दाढेचे फोटो आहेत. ते कापड काढ.

हेवा गेला असं लिहिणार नाही. तो आहे.

आणखी एक. माझी खालची डावी दाढ महिनाभर ठणकतेय. कुणालाच दाखवली नाही. तू बघशील का? ये म्हणालीस, तर सोमवारी येते.

तुझी,
ताई