झाकणावरचा ट्रे

अकोला, ८ जानेवारी १९६२

ती. माणिकआत्यास, विमलचे सा. न. वि. वि.

वरूडची संत्री पोचली. माझ्या वाट्याला दोन आली, बाकीची वसतिगृहातल्या नर्सनी ‘तुझी आत्या किती चांगली’ म्हणत संपवली.

सध्या मी अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या खोलीत काम करते. मूर्तिजापूरकडच्या मनकर्णाचा मुलगा सातव्या महिन्यात झाला, तीन पौंड भरला. त्याला काचेच्या उबदार पेटीत ठेवले आहे. मध्येच तो हातपाय झाडतो, लालबुंद होतो, त्याला धाप लागते. डॉक्टर म्हणतात, असाच हातपाय झाडत राहिला तर आहे ती शक्ती त्यातच जाईल. म्हणून दर सहा तासांनी झोपेच्या औषधाचे थेंब देतो. परवा थेंब दिल्यावर श्वासच थांबला. तळपायाला टिचकी मारली तेव्हा परत आला. येत्या सोमवारपर्यंत शांत झाला नाही तर मात्रा वाढवणार आहेत. पुढच्या टिचकीला तो आला नाही तर, एवढेच सारखे मनात येते.

तुझी, विमल

अमरावती, ९ जानेवारी

चि. विमलला माणिकआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. मूल चिडते हे त्यात आहे, कशाने चिडते ते नाही. ते मुळातच चिडके आहे असे तुम्ही सर्वांनी ठरवलेले दिसते. तीन पौंडांच्या माणसाला स्वभाव असतो हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरनीसुद्धा मला शिकवले नाही, आणि त्यांनी नको ते बरेच शिकवले. तीस वर्षे मी मुलींना शिकवले. कारण न विचारता रडू बंद करायला निघालेल्या शहाण्या माणसांचा मला पहिल्यापासून संताप येतो.

एक वही घे. चिडला की वेळ लिही, आणि आधीच्या पाच मिनिटांत खोलीत काय झाले तेही. कोण आले, काय उचलले, काय ठेवले. तुला महत्त्वाचे वाटेल तेवढेच नको, सगळे. आणि त्याची आई कुठे आहे? तुझ्या पत्रात डॉक्टर आहेत, माझी संत्री आहेत. आई फक्त नावाला आहे.

थेंबांची काळजी तुझ्याइतकीच मलाही लागली आहे. उलटटपाली लिही.

तुझी आत्या

अकोला, ११ जानेवारी

ती. आत्यास, सा. न.

वही ठेवली. रात्रीच्या नर्सलाही लिहायला लावले. ती म्हणाली, तुझी आत्या इथे बदलून आली नाही हे आपले नशीब.

दीड दिवसात सात वेळा चिडला. पाच वेळा थेंबांच्याच वेळेला, म्हणजे आधीच्या थेंबांचा असर संपला की चिडतो हे उघड आहे. आम्ही ट्रे पेटीवर ठेवतो, औषध मोजायला घेतो, आणि तेवढ्यात तो हातपाय झाडायला लागतो. अगदी वेळेवर आलो असेच आम्हांला वाटते. एकदा मी त्याच्या नोंदींचे कागद लावलेली फळी घेऊन आले तेव्हा. एकदा विनाकारण. आवाजाचा प्रश्नच नाही. आम्ही चपला बाहेर काढतो, कुजबुजतच बोलतो.

मनकर्णा व्हरांड्यात बसून असते. जंतूंच्या भीतीने आईला आत घेत नाहीत. आमची आया चतुराबाई मात्र तो चिडला की हात धुऊन पेटीत घालते, एक तळवा डोक्याशी आणि दुसरा दुमडलेल्या पायांशी धरून उभी राहते. तो निवतो. मी विचारले तर म्हणाली, बाई, नऊ महिने राह्याची जागा त्याले सातातच सोडा लागली, तो कोठं टेकन?

तुझी, विमल

अमरावती, १२ जानेवारी

चि. विमलला आशीर्वाद.

ट्रे पेटीवर का ठेवता? खोलीत टेबल नाही? फळी घेऊन आलीस ती कुठे ठेवलीस? हे लिहायचे राहिले, की लिहिण्यासारखे वाटलेच नाही?

मी आठ वर्षांची असताना तापाने फणफणून डेस्कवर डोके टेकून बसले होते. सिस्टरनी शेजारी पितळी घंटा नुसती ठेवली, वाजवली नाही. माझा कान लाकडाला होता. ती डोक्यात आपटल्यासारखे झाले आणि मी किंचाळले. हट्टीपणाबद्दल मला उभे केले. वर्गात दुसऱ्या कोणाला काहीच ऐकू आले नव्हते.

खोलीत रिकामी पेटी असेल तर तिच्यात डोके घाल. चतुराबाईला सांग, झाकण लाव आणि रोजच्यासारखा ट्रे वर ठेव. लोक हसले तर हसू दे. सोमवारच्या आत कर.

देवाचे नाव घेऊन वाट पाहणारी, आत्या

अकोला, १५ जानेवारी

ती. आत्यास, सा. न.

शनिवारी तुझे पत्र आले तशी दुपारीच रिकाम्या पेटीत डोके घातले. चतुराबाईने ट्रे ठेवला, आपटला नाही. तरी माझे दात एकमेकांवर आदळले. लोखंडी ट्रे, त्यात काचेची बाटली, चमचा. फळीसुद्धा मी झाकणावरच टेकवत होते. खोलीतल्या एकुलत्या टेबलावर पाणी उकळायचे भांडे आहे, म्हणून माझ्याही आधीपासून तिथे पेटीच टेबल झाली आहे. त्याला शांत करायचे थेंब घेऊन आम्हीच त्याला उठवत होतो आणि मग त्याच्या चिडण्याला औषध देत होतो.

तेव्हापासून ट्रे व्हरांड्यातल्या स्टुलावर. दोन दिवसांत तो दोनदाच चिडला, दोन्ही वेळा ओला होता म्हणून. आज डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, वजन अजून हललेले नाही, आत्याच्या पत्रावर औषध ठरत नसते. मी पेटीकडे बोट दाखवले. त्यांनी कोट काढला, डोके आत घातले, आणि ट्रे मीच ठेवला. बाहेर येऊन कान चोळत त्यांनी वाढीव मात्रा खोडली, चालू होती ती निम्मी केली, आणि पुन्हा चिडला तर आधी मला विचारा म्हणाले. मग विचारले, ही आत्या करते काय?

डॉक्टर जरा नरमले आहेत असे पाहून मी मनकर्णाचेही विचारून घेतले. हात कोपरापर्यंत धुऊन, तोंडाला फडके बांधून आज ती आत आली. म्हणाली, माहे हात कापूस येचून खरबरीत झाले, त्याले टोचन तं नाई? टोचले नाही.

तुझी, विमल

अमरावती, २५ मार्च

चि. विमलला आशीर्वाद.

मुलगा साडेपाच पौंडांचा होऊन घरी गेल्याचे तू कळवलेस, तेव्हा त्याला पाहून यावे असे ठरवले. काल मूर्तिजापूरला उतरून टांग्याने गेले. बाळाचे नाव गौतम ठेवले आहे. मनकर्णाच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्याखाली झोळी.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. वर्गात गलका झाला की मी टेबलावर रूळ आपटत असे. तीस वर्षे. पहिल्या बाकावर कोणी डोके टेकून बसले होते का, हे मी कधी पाहिले नाही. तुझ्या डॉक्टरांना हेही सांग, म्हणजे आत्या काय करते ते कळेल.

संत्र्यांचा पत्र्याचा डबा बरोबर होता. तो झोळीपासून लांब, जमिनीवर मी इतका हळू ठेवला की मनकर्णाला वाटले माझी कंबर धरली. एवढे करूनही माझा चष्मा पाहून गौतमने जे भोकाड पसरले ते अर्धा तास. मनकर्णा ओशाळली, त्याले गप करतो म्हणाली. मी म्हटले, राहू दे. चांगल्या छातीचा आवाज होता, मध्ये कुठे अडकत नव्हता. मी मांडी घालून शेवटपर्यंत ऐकला.

प्रकृतीला जप, आणि या म्हातारीवर लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी आत्या