सरकीवाल्यांचं म्हणणं

अमरावती,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय निखत,

सलाम, नमस्कार आणि आईकडून एक गालगुच्चा. इकडे सगळे मजेत. परवा तुझी अम्मी दुकानात आली होती, चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून. मी स्क्रू आवळत होते तोवर रजिया खालाचं सुरू, "अकोल्यात पोरगी बराबर जेवते का नाही? तुले काही लिहते का?" मी म्हटलं, खाला, मला ती आता फक्त हुकूम लिहून पाठवते.

हुकूम मिळाला. फोनमधून सगळी ॲप्स काढून टाकलीस ते बरं केलंस. एक वाकडा शब्द वाचला की आठ दिवस तुझे हात चालत नाहीत, हे मला नवीन नाही. तेव्हा आता मी तुझ्या चाहत्यांचं इंटरनेटवरचं ‘सरकीवाले’ पान रोज वाचायचं, लोक नव्या गाण्याबद्दल काय म्हणतात ते कागदावर उतरवायचं आणि टपालाने तुला पाठवायचं. त्यावरून तू ठरवणार, की चौदा डिसेंबरला अकोल्याच्या कार्यक्रमात नवं वाजवायचं की जुनं. "तू खोटं बोलत नाही आचू, म्हनून तुलेच सांगून राहिली," असं वर लिहिलंस. वा! म्हणजे वाईट बातमी द्यायची ती मीच.

तर देते. पाच वर्षं तू लॅपटॉपवर ठोके रचलेस आणि ‘सरकी’ या नावाखाली लोकांना नाचवलंस. गणपतीत, हळदीत, कॉलेजच्या गॅदरिंगला. अशा लोकांना तू एका सकाळी चौदा मिनिटांचं सायकेडेलिक रॉक ऐकवलंस. गिटार काय, घुमणारे आवाज काय, मधे तीन मिनिटं तर नुसताच गुंजारव. माणसं गांगरणार नाहीत तर काय?

बडनेऱ्याचा पिंटू लिहितो, "मले वाटलं मोबाईल हँग झाला. दोनदा बंद करून चालू केला." कुणी विचारतो, "हे गानं आहे का लोडशेडिंग? संपूनच नाही राहिलं." तुझ्या अकोल्याचा अमोल डीजेवाला म्हणतो, "हे वरातीत लावलं तं घोडा उभ्या उभ्या झोपून जाईन, आन नवरदेव खाली." आणि एकाने लिहिलंय, "सरकीतलं तेल निघून गेलं, आता नुसती ढोराले घालाची ढेप राहिली." याला पावणेतीनशे लोकांनी हसरे चेहरे दिलेत. मी नाही दिला.

चांगलंही बोलले काही जण. पण ते आपलं नेहमीचं, छान आहे, मस्त आहे. लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

नव्या गाण्यातला हा अनुप कोण ते मात्र मला नीटसं समजलं नाही. विद्यापीठात मातीवर संशोधन करतो आणि गिटार वाजवतो, एवढं तुझ्या चार ओळींतून कळलं. मातीवर संशोधन करावं माणसाने, गाण्याची माती कशाला करावी? रागावू नकोस, गंमत केली.

मला स्वतःला गाणं कसं वाटलं, असं विचारलंयस. समोर गिऱ्हाईक बसलंय, आजोबांना खालची ओळ काही केल्या दिसत नाहीये. सवडीने लिहीन.

तुझीच,
आचल

*

अमरावती,
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय निखत,

तुझं पत्र आलं. पहिल्या ओळीतच "मी ठीक आहे" लिहिलं होतंस, म्हणजे ठीक नाहीस. इकडे थंडी पडायला लागली आहे. आईने तुझ्यासाठी फुलांचा सदरा शिवायला घेतलाय. माप जुनंच धरलंय, तिकडे जाडबीड झाली असशील तर कळव.

पानावर अजून तेच चाललंय. तुला कमी करून सांगू का? नको, तूच म्हणालीस, जसंच्या तसं लिही. भातकुलीची एक मुलगी लिहिते, "ताई, तुमचे जुने गाने लावून मी पेपरचा अभ्यास करत होती. आता कोनाचं ऐकू?" आणि पुण्याहून एका गृहस्थांनी चांगला परिच्छेद लिहिलाय. तो पुरा उतरवते.

"नमस्कार. मी आपल्या संगीताचा आरंभापासूनचा चाहता आहे. परंतु आपण हे काय करून राहिल्या आहात? आपल्या कलेस त्या गिटारवादकाने ग्रासले आहे असे खेदाने नमूद करावेसे वाटते. त्यास तत्काळ दूर करावे व पूर्ववत संगीत द्यावे, ही विनंती."

बघ, पार पुण्यापर्यंत लोकांना अनुप खुपतोय.

तू विचारतेस, मी एवढी तुटक का लिहिते. मग ऐक. तुझं पहिलं गाणं आठवतं? आईच्या शिलाई मशीनचा खडखडाट मी फोनवर धरला होता आणि तू त्याचा ठोका केलास. त्यानंतरचं प्रत्येक गाणं आपण दोघींनी एसटी स्टँडच्या बाकावर बसून ऐकलं, एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या. मी नाक मुरडलं की तू घरी जाऊन ते बदलायचीस. जगाला गाणं नंतर कळायचं. आणि हे गाणं मला कधी कळलं? दुकानात, सकाळी साडेदहाला, पिंटूने पानावर टाकलं तेव्हा. अकरा हजार लोकांच्या रांगेत मीही एक. आणि खाली नाव कुणाचं? अनुपचं. तुझ्या बरोबरीने, तेवढ्याच अक्षरांत.

गेल्या वर्षी नोकरी लागून तू अकोल्याला गेलीस तेव्हा मी रडले नाही. शंभर किलोमीटर म्हणजे काय, दोन तास एसटीने. पण त्या दिवशी मात्र वाटलं, ही फार लांब गेली.

तो तुझ्याशी कसा बोलतो गं? अगोदर गाणं त्याला ऐकवतेस का? तो नाक मुरडतो तेव्हा तू बदलतेस का? नको सांगूस, नाहीतर सांगच.

मला गाणं कसं वाटलं ते पुन्हा विचारलंयस. माझं काय घेऊन बसलीस, लोकांचं बघ. कार्यक्रम लोकांसाठी असतो.

तुझीच,
आचल

*

अमरावती,
१० डिसेंबर २०२५

निखत,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या खाला तुझ्याकडे निघाली आहे, तिच्या हाती देते. तिच्यासमोर उघडू नकोस. ती बाजूला बसली असेल तर आधी तिला चहा दे आणि मग आत जाऊन वाच.

तुझं पत्र सोमवारी आलं. "तू म्हनली ते पटलं मले. अनुपले सांगून टाकलं, नवं काही वाजवायचं नाही. तो गिटार पिशवीत भरून निघून गेला. आता तू ये. पहिल्यासारखी लॅपटॉपजवळ बाजूले बस. माह्याजवळ खरं बोलनारी तूच एक उरली." आणि खाली तळटीप: "त्या पुनेकराले माह्याकडून सलाम सांग. ‘करून राहिल्या आहात’ म्हननारा पुनेकर मी जिंदगीत पहिल्यांदाच पाहिला. मले माहीत आहे तो कोन आहे. मले हसवाले लिहिलं ना तू? लय हसली."

मी पत्र वाचलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, झालाच. मला हवं होतं ते सगळं एका कागदावर मिळालं होतं. अनुप गेला, तू परत आलीस, बाजूची खुर्ची माझी. आईला मी दोनदा वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, "हसवाले लिहिलं होतं का तू?"

तुला हसवायला नव्हतं लिहिलं, निखत. तुला लागावं म्हणून लिहिलं होतं. पुण्याचे गृहस्थ नाहीतच. शुद्ध लिहिण्याच्या नादात मी ‘आरंभापासूनचा’ आणि ‘खेदाने नमूद’ सगळं जमवलं आणि नेमकं ते आपलं वऱ्हाडी ‘करून राहिल्या’ तेवढं निसटलं. आपल्याकडे माणूस कितीही टाय लावून आला तरी करूनच राहतो. तू त्या एकाला ओळखलंस आणि ती थट्टा समजलीस. बाकीच्यांवर तुला संशयसुद्धा आला नाही, कारण मी खोटं बोलत नाही.

भातकुलीची मुलगीही मीच.

पिंटू, अमोल, लोडशेडिंगवाला, ढेपवाला हे खरे आहेत. पण पिंटूचं मी तुला अर्धंच लिहिलं. त्याच दिवशी संध्याकाळी त्याने खाली लिहिलं होतं, "तिसऱ्यांदा आयकलं. मोबाईल नाही, मीच हँग झालो होतो. माफी." अमोल डीजेवाला चार दिवसांनी परत आला. म्हणाला, वरातीत नाही चालणार, पण वरात संपल्यावर सामान आवरताना आम्ही पोरं हेच लावून राहिलो. ‘मस्त आहे, छान आहे, लिहिण्यासारखं काही नाही’ असं मी ज्याला म्हटलं, ते एकशे बारा जणांचं आहे. काल दुकान बंद ठेवून सगळं बसून उतरवलं. सोबत अकरा पानं जोडली आहेत, एकही ओळ गाळलेली नाही, वाईटही नाही आणि चांगलीही नाही. पिंटूला फोन करून पडताळून बघ. आता माझ्या शब्दावर तू जाऊ नयेस हे मला समजतं.

त्यातलं नांदगाव खंडेश्वरच्या जयवंताबाईंचं आधी वाच. त्यांना कोण कुठलं सायकेडेलिक. मुलाच्या फोनवर लागलं आणि त्यांनी ऐकलं. मुलाकडून लिहून घेतलंय, "कुकर लावला होता. शिट्ट्या मोजाच्या राहून गेल्या, भात करपला. पन उठू नाही वाटलं. त्या पोरीले सांगा, तिचा आवाज आमच्या मेलेल्या बहिनीसारखा आहे." हे मी अठरा नोव्हेंबरच्या आधी वाचलं होतं. वाचून फोन उलटा ठेवला होता आणि तुला घोडा झोपल्याचं कळवलं होतं.

का, ते विचारशील. अनुपचं नाव तुझ्या नावाशेजारी होतं म्हणून. तो मुलगा आहे म्हणून नव्हे. तुझं त्याच्याशी काय आहे, काही आहे की नाही, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. तुला लग्न करायचं तर मी मेंदीला पहिली बसेन. पण गाणं करताना तुझ्या शेजारी जी जागा असते ती माझी होती, आणि ती तू दुसऱ्याला दिलीस, मला न विचारता. विचारायला मी कोण, हेही मला माहीत आहे. ठोका तुझा, सूर तुझा. माझं काय, तर मशीनचा एक खडखडाट आणि नाक मुरडणं. तेवढ्यावर मी पाच वर्षं स्वतःला अर्धी सरकी समजत आले. मी जळले, निखत. सरळ शब्दांत सांगायचं तर जळले. नवं गाणं कोसळावं आणि तू रडत रडत माझ्याकडे यावंस, असं मला रोज वाटायचं. आणि मग तुझं "मी ठीक आहे" वाचून दिवसभर चैन पडायचं नाही. दोन्ही खरं आहे.

आणि मला स्वतःला गाणं कसं वाटलं. दोन्ही वेळा मी टाळलं. गाणं मी पहिल्याच दिवशी चार वेळा ऐकलं. आठव्या मिनिटाला गुंजारव थांबतो आणि तू गायला लागतेस. पाच वर्षांत तू कधी गायली नव्हतीस, माझा आवाज बेकार आहे म्हणायचीस, आणि मीही कधी गा म्हटलं नाही. त्याने म्हटलं असणार. तिथे मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडले. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती निघून गेली.

गाणं फार सुंदर आहे. माझं त्यात काही म्हणजे काही नाही, आणि तरी ते तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं गाणं आहे. हे मला सोसवलं नाही. बाकीचं जे केलं ते त्यापायी केलं.

आता तू काय करायचंस ते सांगण्याचा मला हक्क उरलेला नाही, तरी सांगते. आज गुरुवार असेल, रविवारला तीन दिवस आहेत. अनुपकडे जा. हे पत्र त्याच्या हातात दे, त्याने ते वाचलं पाहिजे. मातीवरून मी जो विनोद केला होता तोही सांग. तो तुझ्या निर्णयाने नाही, माझ्या खोटेपणाने परत गेला आहे. रविवारी नवंच वाजव, चौदाच्या चौदा मिनिटं, आणि गा.

लॅपटॉपजवळ बसायला मी येणार नाही. समोर लोकांत उभी राहू का, तेवढं सांग. खाला शनिवारी परत येते आहे. तिच्या हाती एक ओळ दे. नको म्हणायचं असेल तरी लिहूनच दे, तिला तोंडी सांगू नकोस. ती मला वाईट वाटू नये म्हणून बदलून सांगेल, आणि बदललेला निरोप काय करतो ते मी बघितलंय.

खाली ‘तुझी’ लिहायला हात धजत नाही. म्हणून नुसतीच,

आचल