दोघांचा विमा

३ फेब्रुवारी, सोमवार

आला एकदाचा! खोका सोफ्यावर ठेवला आणि मी खाली फरशीवर बसले — पाहुणा तो, आपण कोण!

जुन्या लॅपटॉपने जीव नकोसा केला होता. मी दिवसभर लॅपटॉपवर लोकांची स्वयंपाकघरं काढते, घरी बसून, फर्निचरवाल्या कंपनीसाठी. ओटा इकडे, सिंक तिकडे, कपाटांची दारं उघडली की कुठे आपटतात ते फिरवून दाखवायचं. जुना लॅपटॉप एक कपाट फिरवायला घेई तोवर माझा चहा पिऊन व्हायचा. हा नवा बघता बघता अख्खं घर फिरवतो. पण किंमत! एवढ्यात माणसं स्कूटर घेतात. हात लावायचीसुद्धा भीती वाटतेय.

दुकानदार म्हणाला, "ताई, विमा तेवढा तेवीस तारखेपर्यंत काढा. नंतर नवीन म्हणून धरत नाहीत."

दाखवायला कोणी नव्हतं. खोक्यातलं थर्माकोल आवरलं आणि झोपले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

विमा कंपनीत फोन केला. मुलगी गोड बोलते, न कंटाळता. चोरीचा वेगळा, पडण्याचा वेगळा, सांडण्याचा वेगळा, सगळं मिळून एक वेगळा. "चोरी झाली तर कुलूप फोडलेलं दिसायला हवं हं मॅडम." म्हणजे किल्लीने उघडून नेला तर तो चोरच नाही! दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी फोनवर हसले मी.

मग म्हणाली, "घरात राहणारे किती?"

माझ्या तोंडून पटकन निघालं — दोघं.

"मग दोघांचाच घ्या ना. फरक अगदी थोडा. तुमच्याकडून सांडलं काय, साहेबांकडून सांडलं काय, भरपाई मिळते. एकटीचा घेतलात तर फक्त तुमच्या हातून झालेलं धरतात."

विचार करून कळवते म्हटलं. ती म्हणाली, "यात विचार कसला मॅडम?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवरा गेल्या मे महिन्यात गेला. लिफ्ट बसवायचं काम, दुसऱ्या शहरात, सहा महिन्यांसाठी. मे आणि सहा किती होतात ते मला येतं. आता फेब्रुवारी चालू आहे.

भांडण नाही, आदळआपट नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं! काम वाढलंय म्हणतो. बघू म्हणतो. मीही खोदून विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी विचारलं तर सांगते, कामावर आहे. खोटं थोडंच आहे? आहेच ना कामावर.

८ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांकडून सांडलं काय म्हणे. सांडायलाही घरात माणूस लागतं.

९ फेब्रुवारी, रविवार

त्याचा फोन. "जेवलीस का?" हो. "नवा लॅपटॉप कसा आहे?" मी सुटलेच — पडदा केवढा, रंग कसे खरे दिसतात, पंख्याचा आवाज अजिबात नाही. तो मधून मधून "हं". मग "छान". मग "बरं, ठेवू का?"

विम्याचं विचारणार होते. ओठांपर्यंत आलं होतं. दोघांचा काढू का, एवढंच तर विचारायचं! ठेव म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीला सांगायला नको होतं. ती लगेच, "ताई, एकटीचा घे ना. उगाच दोघांचा कशाला?"

"का? आम्ही दोघं आहोत."

"कागदावर."

जिभेला हाड नाही कार्टीच्या! मी फोन आपटला. तिने पुन्हा केला, मी घेतला नाही. मग मेसेज — चुकलं माझं, पण विचार कर. विचारच तर करतेय! दुसरं करते काय मी?

रागाच्या भरात एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरात फ्रिजला जागा ठेवायलाच विसरले. कंपनीकडून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज फोन आला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या काकू आल्या होत्या. आठवड्यातून एकदा येतात, बसतात, गुडघ्यांचं सांगतात. चहाचा कप घेऊन थेट टेबलाशी, लॅपटॉप बघायला. "बाई बाई, केवढा हा! आणि हे कधी येणार आहेत गं तुझे?"

मी कप त्यांच्या हातातून ओढलाच. अक्षरशः. थोडा चहा त्यांच्या साडीवर सांडला. "काकू, पाहुण्यांच्या हातून झालेलं विम्यात धरत नाहीत," असं काहीतरी बोलले. वेड्यासारखं! अजून विमा काढलेलाच नाही.

त्या उठल्या. "असू दे गं. आता माणसांपेक्षा यंत्रं नाजूक झाली." आणि गेल्या. कप लॅपटॉपच्या जवळही नव्हता. मला माहीत आहे मी तो का ओढला.

संध्याकाळी त्यांची बेल वाजवली. टीव्हीचा आवाज येत होता. दार उघडलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवीन काम. नवरा-बायको, लहानसं घर. कंपनीने त्यांचं म्हणणं लिहून पाठवलंय — आम्ही दोघं मिळून स्वयंपाक करतो, एकमेकांना धक्का लागता कामा नये.

अरे, लागू दे की धक्का! आमचं स्वयंपाकघर एवढंसं. तो पाणी प्यायला आला की मला ओट्याला चिकटून उभं राहावं लागायचं. मी करवादायचे, "ही काय यायची वेळ आहे?" आता मधोमध हात पसरून उभी राहिले तरी कोणाला लागत नाही. आज उभी राहून बघितलं. मग रडू आलं, चांगलं हमसून. नाक पुसलं आणि त्यांच्या ओट्याची मापं टाकली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं! दोघांचा. उद्या शेवटची तारीख, आता किती दिवस घोळ घालणार? तो मला सोडलंय असं म्हणालाय का? नाही. त्याच्याकडे घराची किल्ली आहे का? आहे. मग राहणारे दोघं. धाकटीला काय कळतंय संसारातलं!

विमेवालीला फोन केला. तिने सगळं भरून घेतलं, त्याचं नाव, त्याचा नंबर. म्हणाली, "उद्या सकाळी साहेबांच्या फोनवर एक कोड येईल. ते इथे राहतात याला त्यांचा होकार म्हणून. तो मला तेवढा सांगा, रविवारीही असते मी."

म्हणजे उद्या मला त्याला फोन करायलाच हवा. त्याच्या फोनची वाट बघत बसायचं नाही, आपणच करायचा, हक्काने! काय बोलायचं तेही ठरवलंय. आधी कोड. मग सहज म्हणायचं, लिहून दिलंय हं तुझं नाव, आता ये आणि सांड काहीतरी. हसेल. या वाक्याला तो नक्की हसेल.

ओटा घासला. त्याच्या बाजूच्या कपाटात लॅमिनेटचे नमुने कोंबले होते, तेही काढले. बरं वाटतंय आज.

२३ फेब्रुवारी, रविवार

कोड त्याला आला होता. त्याने वाचून दाखवला नाही. म्हणाला, "माझं नाव नको घालूस गं. मी तिथे राहत नाही आता." चिडून नाही, अगदी मायेने म्हणाला.

एकटीचा घेतला. लगेच झाला. एकटीला कोड लागत नाही.