दोन अ‍ॅम्प्लिफायरचा घोळ

प्रिय सूनबाई,

मायन्याशीच बराच वेळ अडलो. कागदोपत्री नातं संपून दीड वर्ष झालं, पण दुसरं काही लिहायला हात वळेना. रागावू नकोस.

प्रश्न स्पीकरचा आहे. बाहेरच्या खोलीत तू जोडून दिलेले ते दोन उंच स्पीकर. आता घरात आणखी एक अ‍ॅम्प्लिफायर आलाय. आमच्या चिरंजीवांनी आणला आणि खोक्यासकट ठेवून ते कामासाठी बाहेरगावी गेले. म्हणे एका अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकरमधला जाड आवाज चालवायचा, दुसऱ्याने बारीक. दुकानदाराने डोक्यात भरवलंय की जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खाली रेडिओ दुरुस्त करणारे आपले शेजारी म्हणतात, ‘अहो, फरक कानाला नाही, मनाला कळेल.’ दोघंही छातीठोकपणे सांगतात आणि मी दोघांसमोर मान डोलावून आलो. तुझ्या सासूबाईंचं म्हणणं, एका डब्याची धूळ पुसताना कंबर मोडते, दुसरा कशाला. मला तेही पटतं.

आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, चार स्क्रूंना काय भ्यायचं, म्हणून परवा सकाळी स्पीकर भिंतीपासून सरकवले. प्रत्येकाच्या मागे चार खुंट्या, आणि वरच्या जोडीला खालच्या जोडीशी सांधणाऱ्या दोन पितळी पट्ट्या. दुकानदार म्हणाला होता, आधी त्या काढायच्या. काढल्या. पुढे नव्या डब्याची तार कुठे, जुन्याची कुठे, काही उमजेना. शेवटी जुनाच चालू करून बातम्या लावल्या, तर बातम्या देणारी बाई उशीत तोंड खुपसून बोलतेय असं ऐकू यायला लागलं. वाटलं, जाळले मी स्पीकर. चार वाजता डोळ्याला भिंग लावून पट्ट्या परत बसवल्या, तेव्हा कुठे त्या बाईला वाचा फुटली.

म्हणजे त्या पट्ट्या हव्यात, की दुसरा डबा लावला की नकोत? आणि तो लावावाच का? मला खरंच कळत नाहीये.

तू हे सगळं मांडलंस ते लग्नाचं पहिलं वर्ष. तू जमिनीवर पालथी पडून तारा ओढत होतीस आणि मी बॅटरी धरून उभा होतो. दवाखान्यातली मोठाली यंत्रं दुरुस्त करणारी सून आहे माझी, हे मी दुकानात येईल त्याला ऐकवायचो. घड्याळ राहायचं बाजूला. तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘बाबा, या खोलीला एक पुरे.’ की ‘सध्या एक पुरे’ म्हणालीस? तेच नेमकं आठवत नाही. तुझं काय मत असेल ते दोन ओळींत कळव. नाही कळवलंस तरी चालेल, मी खोकं तसंच बंद ठेवीन.

एवढ्यासाठी पत्र लिहिलं असं तुला वाटणार नाही, ठाऊक आहे. त्या रविवारी दुपारी तुम्ही दोघं आतल्या खोलीत होतात. तो म्हणत होता, ‘प्रशिक्षणाला जा असं मी कधी म्हटलंच नाही.’ तू म्हणालीस, ‘बाबा होते समोर, त्यांना विचार.’ मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी रिमोट उचलला आणि सिनेमाचा आवाज वाढवला. तू दारात येऊन उभी राहिलीस, मी पडद्यावरची नजर काढली नाही. मुलगा खोटा पडेल अशी भीती होती, की नुसता भांडणात पडायचा कंटाळा, हे अजून माझं मलाच उलगडत नाही. पण तो म्हणाला होता, बाळ. जेवताना, माझ्यासमोर, ‘सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, जा,’ असं म्हणाला होता. काल फोनवर त्यालाही मी हे सांगितलं. तो ‘हो’ म्हणाला. घर मोडल्यावर दिलेल्या साक्षीचा तुला काही उपयोग नाही. तरी तू खरं बोलत होतीस, हे माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असावं.

तुझाच,
तू अजून म्हणणार असशील तर,
बाबा